नायनिकेचं माहेर

घाटघर हे नाव फोडून सांगावं लागत नाही. नाणेघाट चढून आलं की माथ्यावर जे गाव लागतं, ते घाटघर. जुन्नर तालुक्याचं हे पश्चिम टोक. एका बाजूला जीवधनचा कडा, दुसऱ्या बाजूला नानाचा अंगठा, आणि मध्ये कोकणात उतरणारी नाळ. (अकोले तालुक्यातही एक घाटघर आहे, वीजप्रकल्पामुळे ते जास्त लोकांना माहीत असतं. इथे बोलतोय ते जुन्नरचं.) ‘घाट’ या शब्दाच्या मुळाशी कोशकार संस्कृतातला ‘घट्ट’ ठेवतात. त्याचे भाऊबंद द्राविडी भाषांतही आहेत, त्यामुळे कुणी कुणाकडून घेतला हा वाद जुना आहे आणि तो इथे उकरण्यात अर्थ नाही. मला या नावातलं दुसरं अक्षरद्वय जास्त मोलाचं वाटतं: घर.

कारण हा शब्द या डोंगरांत कोरलेला सापडतो. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत चैत्यगृहाला ‘चेतियघर’ म्हटलंय. म्हणजे आज घाटघरची बाई ज्या शब्दात ‘घरी ये’ म्हणते, तोच शब्द अठराशे वर्षांपूर्वीच्या दात्यानं जुन्नरात दगडावर घालून घेतला. संस्कृत ‘गृह’पासून प्राकृतात दोन रूपं निघाली, एक ‘गह’ आणि एक ‘घर’. पहिलं मागे पडलं, दुसरं आपल्याकडे राहिलं. आणि मागे पडलेलं ते ‘गह’ पाहायचं असेल तर घाटघरहून फार लांब जावं लागत नाही. घाटाच्या तोंडाशी जे लेणं आहे, त्याच्या भिंतीवर ते आहे.

नाणेघाटाचं लेणं म्हणजे विहार नाही, देऊळ नाही. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मोठा ब्राह्मी लेख, आणि समोरच्या भिंतीवर एका राजघराण्याचे पुतळे. पुतळे होते, असं म्हणायला हवं. आज तिथे पावलांच्या खुणा आणि दगडाचे उंचवटे तेवढे उरलेत. पण पुतळ्यांच्या डोक्यावर नावांच्या पाट्या कोरल्या होत्या आणि त्यांतल्या काही अजून वाचता येतात. विल्यम साइक्स यांनी 1828 च्या सुमारास या लेखांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, भगवानलाल इंद्रजींनी ते नीट उतरवून घेतले आणि ब्यूलर यांनी 1883 साली ते छापले. तेव्हापासून या पाट्या म्हणजे सातवाहनांच्या वंशावळीचा आधार झाल्या.

पहिली पाटी ‘राया सिमुक सातवाहनो’ची, घराण्याच्या मूळपुरुषाची. पुढची पाटी जवळ जाऊन वाचण्यासारखी आहे: ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. देवी नायनिकेचा आणि राजा श्रीसातकर्णीचा. आधी राणी, मग ‘च’, म्हणजे ‘आणि’, आणि मग राजा. दोघांना मिळून एकच पाटी, आणि तीत पहिलं नाव बाईचं. त्यापुढे एका कुमाराचं अर्धवट नाव, ‘भाय’ या अक्षरांनी सुरू होणारं. ते पाहून ‘भाय म्हणजे भाऊ’ असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. शब्द दिसायला सारखा असला म्हणून नात्याचा होत नाही, आणि हा शब्द तर तुटलेला आहे. मग ‘महारठि त्रनकयिरो’, मग ‘कुमारो हकुसिरि’, आणि शेवटी ‘कुमारो सातवाहनो’.

नायनिका म्हणजे नागनिका. दोन स्वरांमधला ‘ग’ प्राकृतात विरघळतो आणि त्याच्या जागी ‘य’ येतो. हा नियम रुक्ष वाटत असेल तर जुन्नरकडेच पाहा. जीर्णनगर, जुण्णनयर, जुन्नेर, जुन्नर. ‘नगर’मधला ‘ग’ गेला आणि ‘नेर’ उरलं, तेच संगमनेरात, पारनेरात, अंमळनेरात. राणीच्या नावाला जे झालं, तेच तिच्या मुलखाच्या नावाला झालं. हकुसिरी म्हणजे शक्तिश्री, असं ब्यूलर यांच्यापासून मानतात. ‘स’चा ‘ह’ होण्याची ही खोड सातवाहनांच्या घरात आणखी एका नावात दिसते. गाथासप्तशतीचा हाल राजा, तो मुळात ‘साल’.

आता त्या महारठीकडे येऊ. मोठ्या लेखात राणीला एका महारठीची मुलगी म्हटलंय, अंगिय कुळाची भरभराट करणाऱ्याची. तो महारठी म्हणजेच पाटीवरचा त्रनकयिर, असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे या भिंतीवर सासरच्या मंडळींच्या रांगेत राणीचा बाप उभा आहे. मराठा, महाराष्ट्र या शब्दांच्या वादात या ‘महारठि’ शब्दाची साक्ष नेहमी काढली जाते आणि ती काढायलाही हवी. पण त्या गडबडीत साधी गोष्ट निसटते की हा माणूस इथे कुणाचा तरी बाप म्हणून उभा आहे. एका सुनेनं, नवऱ्याच्या माघारी मुलांच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या सुनेनं, आपलं माहेर सासरच्या भिंतीवर कोरून घेतलं.

‘माहेर’ हा शब्द मातृगृहापासून आला. मातृगृह, माइघर, माइहर, माहेर. ‘सासर’ श्वशुरगृहापासून. दोन्हीत घर आहे, फक्त झिजून झिजून एकात त्याचा ‘हेर’ झाला आणि दुसऱ्यात नुसता ‘र’ राहिला. मराठी बाईच्या आयुष्याची दोन टोकं सांगणाऱ्या शब्दांमध्ये घाटघरचं हे ‘घर’ असं लपून बसलंय. आणि भाषेनं त्यातलं एक आईच्या नावावर केलंय, दुसरं सासऱ्याच्या. बापाचं घर असून ते ‘पितृगृह’ म्हणून मराठीत रुळलं नाही. याचा अर्थ काढताना जपून राहावं, पण सातवाहन राजे पुढे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आयांची नावं लावू लागले, हे याच मुलखात घडलं एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मोठ्या लेखात राणीचं वर्णन आहे. ती महिनाभराचे उपवास करणारी, दीक्षा, व्रतं आणि यज्ञ यांत निपुण, आणि ‘गहतापसा’, म्हणजे घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. हा तो ‘गह’. जिथे तिचं नाव असायला हवं, तिथला दगड गेलाय. नाव कळतं ते पुतळ्यावरच्या पाटीवरून. लेखाची सुरुवात देवांना नमस्कार करून होते: धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, मग यम, वरुण, कुबेर आणि वासव हे चार लोकपाल. संकर्षण-वासुदेव, म्हणजे बलराम आणि कृष्ण. थोरल्याचं नाव आधी. देवांच्या यादीतही घरातली रीत पाळलेली आहे. दगडावर या दोन भावांची नावं इतक्या लवकर फार कमी ठिकाणी सापडतात.

त्यापुढे यज्ञांची यादी आणि दक्षिणेचा हिशेब. अग्न्याधेयाला गायी ‘बारस’, घोडा एक. ‘बारस’ म्हणजे आपले बारा. अश्वमेध दुसऱ्यांदा केला, त्याला शब्द आलाय ‘बितियो’. दुसरा. आपल्या भाऊबीजेतली ‘बीज’ याच कुळातली, द्वितीयेपासून निघालेली. एका सत्राला 1101 गायी दिल्या, आणि पैसे दिले ते ‘कहापन’ या नाण्यांत. मला यात राजाच्या वैभवापेक्षा यज्ञाच्या शब्दांचं पुढचं नशीब ओढून नेतं. यज्ञ करवणारा तो ‘यजमान’. परवा-परवापर्यंत मराठी बाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, ‘आमचे यजमान’ म्हणायची. यज्ञ गेले, हजार गायींच्या दक्षिणा गेल्या, आणि वैदिक कर्मकांडाचा तो मुख्य शब्द जेवायला बसलेल्या नवऱ्यासाठी उरला. ‘दक्षिणा’ भटजींच्या पाटावर आली. पुराण आणि वेद भाषेत टिकतात ते असे, घरात शिरून.

हे सगळं नव्यानं जाणवलं ते एका इस्राएली चित्रपटामुळे. ओरी सिवान या दिग्दर्शकाचा ‘हार्मोनिया’, 2016 चा. जेरुसलेममधला एक वाद्यवृंद. त्याचा संचालक अब्राहम, त्याची बायको सारा हार्प वाजवते. त्यांना मूल नाही. पूर्व जेरुसलेममधून एक तरुण हॉर्नवादक मुलगी येते, तिचं नाव हागार. ती त्यांच्यासाठी मूल जन्माला घालायला तयार होते. बायबल माहीत असलेल्या प्रेक्षकाला ही तीन नावं कळली की पुढे काय होणार, मुलगा होईल, दुसराही होईल, आणि घर दुभंगेल, हे ठाऊक होतं. तरी तो पाहत राहतो, कारण आता हे कुलपुरुष आणि राष्ट्रांच्या जननी उरलेल्या नाहीत, शेजारच्या घरातली माणसं झाली आहेत. नावांची पाटी तीच आणि खालचे पुतळे आजचे.

एका घरात दोन बायका असण्याच्या अशा कथांतला सगळ्यात बोचरा शब्द हिब्रूत ‘त्सारा’ असा आहे. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाच्या सवतीला हा शब्द येतो, आणि हाच शब्द हिब्रूत संकटालाही आहे. आपला ‘सवत’ शब्द ‘सपत्नी’पासून आला. सपत्नी म्हणजे जिचा नवरा तोच आहे अशी. मुळात त्यात राग नाही, नुसती वस्तुस्थिती आहे. कडवटपणा मराठी घरांनी त्यात नंतर भरला, इतका की ‘सवतीमत्सर’ हा शब्द आता दोन खात्यांच्या भांडणालाही चालतो.

अब्राहामाच्या घरातली माणसं मराठीत मात्र चित्रपटातून नाही, कीर्तनातून रंगली, आणि ती रंगवली मराठी यहुद्यांनी. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात 1880 च्या सुमारास डेव्हिड हाईम दिवेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बायबलमधल्या आख्यानांवर कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, सगळा थाट हरिदासी कीर्तनाचा, आणि नायक अब्राहाम, योसेफ, मोशे. मराठी बायबलची भाषाही त्यांच्या कानावर होतीच. त्या भाषांतरात अब्राहाम देवासाठी जी बांधतो ती ‘वेदी’, आणि जे अर्पण करतो ते ‘यज्ञ’ आणि ‘होम’. म्हणजे नाणेघाटाच्या लेखात ज्या विधींचा हिशेब आहे, त्यांच्याच शब्दांनी मोरिया डोंगरावरची कथा मराठीत सांगितली गेली. आपल्या मुलाला, इसहाकाला, बांधून वेदीवर ठेवणारा बाप मराठी श्रोत्याला परका वाटला नसणार, त्याला चिलयाबाळाची आठवण झाली असणार.

‘बेने इस्राएल’ हे नावच नात्याचं आहे. ‘बेन’ म्हणजे मुलगा, ‘बेने’ म्हणजे मुलं, अमक्याची मुलं. इस्राएल हे याकोबाचं दुसरं नाव. तेव्हा अख्ख्या समाजाचं नाव म्हणजे ‘इस्राएलाची लेकरं’. समाजाची परंपरा सांगते की पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा विस्तार झाला. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी शब्बाथ, म्हणून घाणा बंद. त्यावरून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. गावाला धर्म कळला नव्हता, वार कळला होता.

मग नावांनी मराठी चाल धरली. शमुवेलाचा समाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी. आडनावं गावांवरून आली: दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर. मुंबईत 1796 साली ज्यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरी समाजी हसाजी दिवेकर होते. ते इंग्रजी फौजेत असताना टिपूच्या कैदेत पडले. तिथे ‘बेने इस्राएल’ हे नाव सांगितल्यावर कुराणातलं ‘बनी इस्राईल’ ओळखून टिपूच्या आईनं त्यांचा जीव वाचवला, असं समाजात सांगतात. खरं-खोटं कसंही असो, सांगणाऱ्यांच्या मते माणूस वाचला तो एका नात्याच्या शब्दामुळे, आणि वाचवलं ते एका आईनं.

‘समाजी’मधला ‘जी’ आणि नाणेघाटातल्या ‘हकुसिरि’मधला ‘सिरि’ एकाच कामाचे आहेत, परक्या किंवा थोर नावाला घरची अदब देणारे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दानं आहेत. इरिल नावाच्या एका यवनानं पाण्याची टाकी दिली. त्याचं नाव तिथे ‘इरिलस’ असं येतं. नाव ग्रीकांच्या मुलखातलं असेल, पण ‘चा’ या अर्थाचा ‘स’ हा प्रत्यय इथला. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला या भाषेनं सामावून घेण्याची रीत तेव्हाही हीच होती. नाव पुसू नये, त्याला आपला प्रत्यय लावावा.

सणांची नावं तर अस्सल कोकणी स्वयंपाकघरातली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास असतो, तो या समाजात ‘बिरड्याचा सण’ झाला, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. ‘बिरडं’ हा शब्द कोशकार ‘विरूढ’पासून काढतात, अंकुर फुटलेलं ते. वर्षारंभ म्हणजे ‘नव्याचा सण’. पूरिमची झाली ‘होळी’. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं पोहे, गूळ, खोबरं, फळं यांचा ‘मलिदा’ होतो. हा शब्द फारसी, ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मळणं. हाच मलिदा आपल्याकडे दर्ग्यातही असतो आणि सरकारी कामांच्या बातम्यांतही. एलियाहूला ते ‘हन्नबी’ म्हणतात, हिब्रूत ‘हा-नबी’, म्हणजे तो संदेष्टा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, त्या एलियाहूच्या घोड्यांच्या, असं मानतात. त्या जागेला म्हणतात ‘एलियाहू हन्नबीचा टापा’. अग्निरथातून स्वर्गात गेलेला बायबलमधला संदेष्टा, आणि त्याच्या घोड्याची खूण सांगायला मराठी ‘टाप’. मला मराठीत पुराण आणि भूगोल जोडणारा याहून सुंदर शब्दप्रयोग आठवत नाही.

आता परत घाट चढू, कारण एक शब्द राहिलाय: नाणं. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. ‘जकात’ हा शब्द अरबी, मूळ अर्थ धर्मादाय दान, म्हणजे सातवाहनांच्या काळात तो इथे असणंच शक्य नाही. जुन्या मराठीत त्याला ‘सुंक’ होतं, ‘शुल्क’पासूनचं. ‘नाणं’ संस्कृत ‘नाणक’पासून. आणि हा नाणक शब्द कुठून आला, यावर अनेक अभ्यासकांनी मांडलेलं मत असं: कुषाणांच्या नाण्यांवर ‘नना’ या देवीचं चित्र आणि नाव असे, त्यावरून नाणकाला नाव पडलं. मत पटो न पटो, नाणेघाटाचा लेख त्याला अडवत नाही. लेखात ‘कहापन’ आहे, ‘नाणक’ नाही. कुषाण नंतरचे, म्हणजे घाटाचं आजचं नावही लेखानंतरचं असावं.

नना ही मुळात मेसोपोटेमियाची देवी. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात तिचं देऊळ येतं, ‘ननैया’ या नावानं. अंतियोख राजा देवळाचा खजिना घ्यायला इराणात तिच्या देवळात शिरतो आणि पुजारी त्याला आत कोंडून मारतात. ज्या अंतियोख एपिफानेसच्या जुलमाला कंटाळून आपले पूर्वज इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास निघाले असं बेने इस्राएल सांगतात, त्याच घराण्यातला हा राजा. परंपरेतली ही तारीख कागदानं सिद्ध होत नाही. तरीही ती धरली तर कोकणात गलबत फुटल्याचा काळ आणि घाटमाथ्यावर नायनिकेनं लेणं कोरवल्याचा काळ एकमेकांपासून फार दूर नाहीत. खाली सात जोडपी किनाऱ्याला लागली म्हणतात, वर एक सून माहेर कोरत होती. दोघांचीही पुढची लेकरं एकच भाषा बोलली.

इस्राएल राष्ट्र झाल्यावर बेने इस्राएलांतले बहुतेक तिकडे गेले. दिमोना, अश्दोद, लोद इथे आजही मराठी बोलणारी घरं आहेत, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं. पण तिसऱ्या पिढीची भाषा हिब्रू आहे आणि आजीचे शब्द आजीबरोबर जातात. घाटघरच्या महादेव कोळ्यांच्या घरांतही तेच चाललंय. मुलं जुन्नरला, पुण्याला शिकायला गेली की नात्याचे, सणाचे, खाण्याचे खास शब्द घरी राहतात आणि मग घरीही राहत नाहीत. लेण्यातल्या पाट्या वाचायला विद्वान आले, घरातल्या शब्दांसाठी कुणी येणार नाही. तेव्हा ज्यांच्या घरात अजून अशी म्हातारी माणसं आहेत, मग ते घाटघर असो, नवगाव असो की अश्दोद, त्यांनी या दिवाळीत वही घ्यावी आणि लिहून ठेवावं: शब्द, त्याचा अर्थ, आणि कोण कुणाला तो कधी म्हणतं. जवळच्या वाचनालयात, शाळेत किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागात त्या वहीची एक प्रत द्यावी.